पाना कोणता लावला होता?

(जिल्हा बैठकीच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, पीकविम्यावर झालं, विजेवर झालं. आता आम्हाला बोलायला सांगितलंय ते पान्यांवर. नट-बोल्ट खोलायच्या पान्यांवर. मागच्या रांगेत काही मंडळी हसली. खुशाल हसा. २०१९ सालच्या जूनपर्यंत आम्हीही हसत होतो.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला हे तुम्हाला आठवत असेल. मृग कोरडा गेला. जूनच्या शेवटी पाऊस पडला आणि साऱ्या गावाची एकदमच धांदल उडाली. आमच्यात तीन घरांनी मिळून घेतलेला एक जुना ट्रॅक्टर होता, ३५ हॉर्सपॉवरचा. आमच्या हाती आला तेव्हाच तो दोन मालकांकडून फिरून आलेला. उन्हाळ्यात नांगरटीला तो गरम व्हायचा. रेडिएटरच्या जाळीत पऱ्हाटीचा भुसा आणि माती घट्ट बसली होती, ती आम्ही झाडली नाही. तो गुन्हा आमचाच, इंजिनाचा नाही. नेमकं वाफश्याच्या दिवशी पांढरा धूर सुरू झाला. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसलं. हेडचं गॅस्केट गेलं होतं, पाणी ऑइलमध्ये उतरत होतं.

तालुक्याच्या मेकॅनिकला फोन केला. हंगामाचा दिवस, त्याच्या दारात आधीच चार ट्रॅक्टर उभे. तो म्हणाला, चार दिवस लागतील. वाफसा चार दिवस थांबतो का? मग आम्ही ठरवलं, आपणच खोलू. गॅस्केट बदलणं काही विमान बांधणं नाही. आणि हे ठरवणं चूक नव्हतं, हे आजही सांगतो. चूक पुढं झाली.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी फटकुरावर मांडलेल्या दुकानातून घेतलेला पान्यांचा संच होता. आठ पाने, चकचकीत, सगळे मिलीमीटरचे. हेडच्या नटाला १७चा पाना लावला, बसेना. १८चा लावला, सैल. आम्ही काय केलं? तुम्ही जे केलं असतं तेच. १८च्या पान्यात पत्र्याची पट्टी सारली, मागे दोन हात पाईप घातला आणि दोघं लटकलो. पाच-सहा नट निघाले. सातव्याचे कोपरे गेले, नट गोल झाला. मग छन्नी-हातोडी. छन्नीने नट हलला नाही, पण त्याचा स्टड ब्लॉकच्या पातळीत कटकन तुटला. तो आवाज अजून कानात आहे.

तुटलेला स्टड काढायला तालुक्याहून लेथवाला आणावा लागला. त्याने मधोमध भोक पाडून, उलट्या आट्यांची खुंटी घालून तो काढला, दोन दिवस गेले. नवीन गॅस्केट बसवलं, नट हाताच्या अंदाजाने आवळले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पांढरा धूर. पुन्हा हेड उतरवलं, पुन्हा गॅस्केट. सगळे मिळून अकरा दिवस. तोवर वाफसा उडून गेला होता आणि आमच्या तिन्ही घरांची सरकी दुसऱ्याच्या बैलांनी काकर पाडून, दुबार पावसाची वाट पाहून टोबली गेली. उशिरा लागलेल्या कपाशीचं पुढे काय होतं, ते या सभेत सांगायची गरज नाही.

मेकॅनिक आला तो शेवटच्या दिवशी. तो गोल झालेला नट हातात घेऊन त्याने एकच विचारलं, "पाना कोन्ता लावला होता बाप्पा?" आम्ही म्हणालो, अठरा. त्याने खिशातून व्हर्निअर काढला, दुसऱ्या चांगल्या नटाला लावला आणि दाखवला. १७.४६ मिलीमीटर. म्हणजे तो नट मिलीमीटरचा नव्हताच. तो ११/१६ इंचाचा होता. १७ त्यावर चढणार नाही आणि १८ त्याला अर्धा मिलीमीटर सैल, हे ठरलेलंच होतं. या अर्ध्या मिलीमीटरने आमचे अकरा दिवस खाल्ले.

बैलाच्या मानेला जू नीट बसलं नाही तर खांदा येतो हे आम्हाला कळतं. त्यासाठी आम्ही सुताराकडे दहा खेपा घालतो. मग लोखंडाच्या बाबतीत "बसतंय ना, चालवून घे" हे का?

आता हा इंचाचा नट आपल्याकडे आला कुठून? देशात तर मीटर आणि किलो आले. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या पाचसहा वर्षांत शेर, मण, गज सगळे गेले. पण कायद्याने तागडी बदलते, इंजिनाचा जुना नकाशा बदलत नाही. आपल्याकडचे कित्येक ट्रॅक्टर विलायती नकाशावर बांधलेले आहेत. महिंद्राचा जुना बी-२७५ हा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या विलायतेतल्या ट्रॅक्टरवरून आला. मॅसी फर्ग्युसनला मद्रासच्या सिम्सनची जी इंजिनं लागायची, ती पर्किन्सच्या विलायती बनावटीची. ही सगळी इंचाची घराणी. उलट एचएमटीचा २५११ हा चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून आला, तिथे मिलीमीटर. जिपांची तर गंमतच आहे. जीप मूळची अमेरिकेच्या विलीसची, म्हणून सांगाडा इंचाचा. पुढे काही जिपांत फ्रान्सच्या प्यूजोच्या बनावटीचं डिझेल इंजिन आलं, ते मिलीमीटरचं. एकाच गाडीत बॉनेटखाली एक माप आणि चाकापाशी दुसरं. जिपेवर काम करणाऱ्याकडे दोन्ही संच नसतील तर त्याने बॉनेट उघडूच नये.

म्हणून पाना घ्यायच्या आधी इंजिनाची सोयरीक विचारा. नाव काय रंगवलंय ते नंतर. मूळ नकाशा कुठल्या देशाचा, ते आधी.

यातही एक पोटभेद आहे, तो जुन्या पाण्याच्या इंजिनांपाशी अडवतो. विहिरीवर धडधडणारी मोठ्या चाकाची सावकाश फिरणारी इंजिनं पुष्कळांनी पाहिली असतील. मूळ लिस्टर कंपनीच्या घाटाची आणि राजकोटकडे बनलेली. वीज आल्यावर ती गोठ्यात गेली, पण काहींची अजून चालू आहेत. त्यांच्यातल्या जुन्यांवर व्हिटवर्थ मापाचे नट सापडतात. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली ते माप बांधून दिलं. त्याच्या पान्यावर १/२ असा छाप असला, तर तो पाना अर्ध्या इंचाच्या नटाचा नसतो. अर्धा इंच जाड बोल्टावर जो नट बसतो, त्या नटाचा असतो. तो नट मोजला तर २३.४ मिलीमीटर भरतो. आणि साध्या इंची संचातला १/२चा पाना १२.७ मिलीमीटर. एकच आकडा, अर्थ दोन. म्हणून छापावर जाऊ नका, मापावर जा.

आता आम्ही पुढे काय केलं ते सांगतो.

पहिली खरेदी पान्याची केली नाही. पहिली खरेदी व्हर्निअरची केली. साधा लोखंडी, दोन्ही मापं दाखवणारा. मग दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या मधल्या दोन मोकळ्या दिवसांत शाळेतल्या पोराला वही घेऊन बसवलं आणि ट्रॅक्टरचं इंजिन वरून खाली, एकेक नट मोजत गेलो. पोरगं लिहीत गेलं: कुठला नट, किती मिलीमीटर, किती नग. दोन दिवसांत चित्र स्वच्छ झालं. दुकानात मोठ्या पेटीत पन्नास-साठ नग असतात. आमच्या इंजिनाला खरोखर लागत होती सहा मापं. ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ११/१६ आणि ३/४. बस. याशिवाय डायनॅमो मागच्या मालकाने कधीतरी बदललेला, त्याला १० आणि १३ मिलीमीटर. साठ नगांच्या पेटीचे पैसे वाचले. त्याच पैशांत ही आठ मापं आम्ही चांगल्या पोलादाची घेतली.

कुठली मापं एकमेकांना चालतात तेही वहीत लिहिलं, कारण रात्री-बेरात्री याची गरज पडते. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलीमीटर, १९चा पाना चालतो. ५/८ म्हणजे १५.९, १६चा चालतो. पण १/२ म्हणजे १२.७, त्यावर १३चा लावलात तर नट थोडा सैल असेल तरच लावा, गंजलेल्यावर लावू नका. ९/१६ म्हणजे १४.३, १४ बसत नाही, १५ खातो. आणि ११/१६ची कथा तुम्ही ऐकलीच.

आणखी एक फसवणूक बोल्टातच आहे, पान्यात नाही. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलीमीटर जाड. ८ मिलीमीटरचा बोल्ट त्याच्याशेजारी ठेवा, डोळ्याला फरक कळणार नाही. पण आट्यांचं अंतर वेगळं. इंचीला इंचात २४ आटे, मिलीमीटरवाल्याला दर सव्वा मिलीमीटरला एक आटा. चुकीचा बोल्ट हाताने दोन फेरे आत जातो आणि मग घट्ट होतो. इथे माणूस पाना लावतो. पाना लावला की ब्लॉकमधले आटे गेले. नियम साधा आहे: कुठलाही बोल्ट चार-पाच फेरे बोटांनी आत गेलाच पाहिजे. नाही गेला तर तो त्या भोकाचा नव्हे.

आमच्यातल्या काहींकडे आता जुन्या मारुती ८०० आहेत. ती गाडी १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि सुझुकीच्या जपानी नकाशावरची. तिथे माप मिलीमीटरचंच, तरी संच वेगळा. त्याच ८ मिलीमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी वळणात १२चं असतं, जर्मन वळणात १३चं. १० मिलीमीटर जाडीचं डोकं जपान्याचं १४, जर्मनाचं १७. म्हणून बाजारातला ८-९, १०-११, १२-१३ असा दुतोंडी संच घेतला तर मारुतीला त्यातले अर्धे कधीच लागत नाहीत. १०, १२, १४, १७ ही चार मापं गोटी पान्यात चांगली घ्या, वर प्लगचा २१चा लांब पाना, आतून रबर असलेला. म्हणजे प्लगची चिनीमाती तडकत नाही. एवढ्यात त्या इंजिनाची बरीचशी किरकोळ कामं घरी होतात.

मायबहिणींपैकी ज्या पेट्रोलच्या फवारणी पंपाची घरी काळजी घेतात, त्यांनाही हेच. त्या छोट्या दोन-स्ट्रोक इंजिनांपैकी पुष्कळांच्या प्लगला १९चा पाना लागतो. पंपासोबत मिळालेला पत्र्याचा पाना दोन हंगामांत पसरतो. तो पसरला की टाकून द्या. प्लगची किंमत त्याहून जास्त आहे.

पाना कसा ओळखावा? दुतोंडी उघडा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना सगळीकडून धरतो. रिंगेतही आत बारा कोन असतात किंवा सहा. बाराचा पटकन बसतो, अडचणीत सोयीचा; पण गंजलेल्या, आडमुठ्या नटाला सहा कोनांचा गोटी पाना लावावा, तो कोपऱ्यावर नाही तर सपाट बाजूवर जोर देतो. उघडा पाना नट सैल झाल्यावर फिरवायला. पहिला झटका नेहमी रिंगेने किंवा गोटीने. स्क्रू पाना, म्हणजे तो जबडा कमीजास्त होणारा, पाण्याच्या पाईपासाठी ठेवा. इंजिनाजवळ तो दिसला की आमच्या गावात आता दंड आहे, एक चहा.

पान्यावर क्रोम व्हॅनेडियमचा छाप बघतात, पण छाप कोणीही मारतो. दुकानात व्हर्निअर घेऊन जा आणि पान्याचं तोंड मोजा. १३च्या पान्याचं तोंड १३ला अगदी किंचित जास्त असावं. १३.४ भरलं तर परत ठेवा, मग त्यावर कुठलाही छाप असो. दुकानदार रागावेल, आमच्यावर रागावला होता. पुढच्या खेपेला त्यानेच स्वतःहून दुसरा डबा काढून दिला. नाशिकला, पंजाबात जालंधर-लुधियानाकडे चांगली हत्यारं बनतात, ती जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. फटकुरावरची घेऊ नका एवढंच.

आता त्या दुसऱ्या गॅस्केटबद्दल, जे आम्ही हाताच्या अंदाजाने आवळलं. हात खोटं बोलतो. सकाळी एक जोर, दुपारी दुसरा. लांब पान्याने जास्त, आखूड पान्याने कमी. हेड सगळीकडून सारखं दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ज्या कोपऱ्यात सैल तिथून पाणी वाट काढतं. त्यासाठी टॉर्क रेंच लागतो, म्हणजे किती जोर लागला ते सांगणारा पाना. हे एकट्या घराने घ्यायचं हत्यार नाही, वर्षातून दोनदा लागतं. आम्ही सहा घरांत एक घेतलं. त्यात दोन जाती: एक ठरवलेल्या जोराला टक्कन आवाज देणारा, दुसरा काट्याचा, पट्टीवर आकडा दाखवणारा. आम्ही काट्याचा घेतला. स्वस्त, आणि बिघडला तर दिसतो. आवाजाचा घेतलात तर काम झाल्यावर त्याची स्प्रिंग अगदी खालच्या आकड्यावर आणून ठेवा, ताणून ठेवलेली स्प्रिंग खोटी पडते.

तो खरा आहे का हे पाहायला कुठल्या प्रयोगशाळेत जायला नको. त्याचं चौकोनी टोक वाईसमध्ये आडवं पकडा, दांडा जमिनीला समांतर ठेवा. टोकापासून बरोबर अर्ध्या मीटरवर आडतीतलं १० किलोचं वजन दोरीने टांगा. दांड्याचं स्वतःचं वजन सोडलं तर काट्याने ५ किलो-मीटर दाखवलं पाहिजे. आडत्याच्या वजनाने कधी नव्हे ते शेतकऱ्याचं भलं झालं, ते या कामात.

आकडा वाचताना जपा. पुस्तकात फूट-पौंड असतात, पान्यावर किलो-मीटर किंवा न्यूटन-मीटर. एक किलो-मीटर म्हणजे सव्वासात फूट-पौंडाला जरा कमी, आणि ९.८ न्यूटन-मीटर. ६० फूट-पौंड म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. कोणी ६०च न्यूटन-मीटर आवळलं, तर पाऊण काम झालं आणि हेड पुन्हा उतरवायची पाळी आली. आवळायचं मधल्या नटापासून बाहेर, आलटून-पालटून, एका दमात नाही, तीन टप्प्यांत. खोलताना उलट, कडेकडून मध्ये. स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून थेंबभर ऑइल लावायचं. बोल्ट ब्लॉकच्या भोकात थेट जात असेल, तर भोकात ऑइल किंवा पाणी साचू देऊ नका. बोल्ट खाली गेला की ते दाबलं जातं आणि ओतीव ब्लॉक तडकू शकतो.

तुटलेल्या बोल्टच्या जागी दुसरा घेताना डोक्यावरचा आकडा बघा. मिलीमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, इंचीवर रेघा असतात: तीन रेघा मध्यम ताकदीच्या, सहा रेघा जास्त ताकदीच्या. बिनखुणेचा बोल्ट गोठ्याच्या फाटकाला ठीक. इंजिनात जुना ज्या खुणेचा, नवा त्याच खुणेचा.

उरलेलं थोडक्यात. व्हॉल्व्हची फट मोजायला फिलर गेज, पत्त्यांची जुडी; जुन्या पुस्तकांत १२ थाऊ लिहिलं असेल तर ते ०.३० मिलीमीटर. गंजलेल्या नटाला आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवणं, हे सगळ्यात स्वस्त हत्यार. नट उघडताना पाना आपल्याकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही. निसटला तर बोटं फुटतात, आमची फुटली आहेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कोणीही शिरायचं नाही, सासरचा माणूस आला तरी नाही. आणि डिझेलची नोझल बाहेर काढून फवारा बघताना हात पुढे धरू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवावा लागतो. असं झालं तर मलम लावत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरला सांगा.

सगळंच घरी करायचं नाही हेही आम्ही ठरवलं आहे. फ्युएल पंपाची सेटिंग, नोझलचा दाब, क्रँकचं ग्राइंडिंग, ही कामं ज्याच्याकडे यंत्र आहे त्यानेच करावीत. तिथे हत्यार नाही तर यंत्रशाळा लागते. नव्या ट्रॅक्टरची हमी चालू असेल तर हात लावू नका. आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले, त्यांच्या इंजिनांत विजेची मेंदूपेटी आली. तिथे पान्याआधी कंपनीचा स्कॅनर लागतो. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तीत शेतीच्या अवजारांचंही नाव होतं. ट्रॅक्टर विकणाऱ्याने कुठला नट किती मापाचा आणि किती जोराने आवळायचा, याचा मराठीत छापलेला एक कागद सोबत द्यावा, एवढी मागणी या बैठकीने केली तर काही बिघडणार नाही. बियाण्याच्या पिशवीवर आपण चिठ्ठी मागतो, मग आठ लाखांच्या यंत्राला का नको?

पेटी सहा घरांत चालते कशी, हे पुष्कळांनी विचारलं. चालत नव्हती. पहिल्या वर्षी ९/१६चा रिंग पाना हरवला, तो कोणी नेला ते अजून कळलेलं नाही, आणि टॉर्क रेंचने एकाने खुंटा ठोकला. भांडण झालं, दोन घरं आठ दिवस बोलत नव्हती. मग एका म्हाताऱ्याने उपाय काढला. लाकडी फळीवर प्रत्येक पान्याभोवती खडूने रेघ मारली, त्यावर रंग दिला. पाना उचलला की फळीवर त्याची रिकामी आकृती दिसते. सांजेला रिकामी आकृती कोणाच्या नावावर, ते वहीत. दुसरा नियम, पेटी ट्रॅक्टरच्या मालकाकडे ठेवायची नाही. आमची एका शिवणकाम करणाऱ्या बहिणीच्या घरी आहे. ती धुऊन-पुसून दिल्याशिवाय परत घेत नाही, ऑइल लागलेला हात दारातच अडवते. आणि गावातला एक पोरगा तालुक्याच्या आयटीआयला डिझेल मेकॅनिकला घातला आहे. त्याच्या फीमध्ये सहा घरांनी थोडं थोडं घातलं. सुट्टीत तो आला की मोजणीची वही पुढे चालते. आता त्यात अकरा यंत्रं झाली, तीन फवारणी पंप आणि एक पिठाची गिरणी धरून.

गेल्या उन्हाळ्यात त्याच ट्रॅक्टरचं हेड पुन्हा उतरवलं, या वेळी व्हॉल्व्ह घासायला. सकाळी सातला सुरू केलं, दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन चालू. एकही नट गोल झाला नाही.

ती फळी, ती वही आणि व्हर्निअर आम्ही आज बरोबर आणलंय, मंडपाच्या डाव्या बाजूला निंबाखाली पिकअपमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत या. ज्यांनी ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल इथवर आणली असेल त्यांनी आपला एखादा नट मोजून न्या. वहीची कोरी पानं छापून आणली आहेत, प्रत्येक गावाला दोन.